घडीचा चाकू निवडताना

(दृश्य : झाडाच्या बुंध्यावर मिटलेला चाकू. एक हात तो उचलतो आणि सावकाश उघडतो.)

घडीच्या चाकूत पाते आणि मूठ एका खिळीवर जोडलेली असतात, आणि या चाकूची सगळी सोय व सगळा कमकुवतपणा त्या एका खिळीपाशी येऊन मिळतो. पाते मुठीत मिटते म्हणून त्याला म्यान लागत नाही आणि तो खिशात बिनधास्त राहतो. परंतु जे पाते मिटू शकते ते भलत्या वेळीही मिटू शकते, आणि तशा वेळी त्याच्या वाटेत बहुधा आपलीच बोटे असतात. म्हणून डोंगरात, रानात किंवा नदीकाठी मुक्कामाला नेण्यासाठी चाकू निवडायचा असेल, तर पोलादाचे नाव आणि मुठीचा रंग पाहण्याआधी हा सांधा नीट पाहायला हवा.

मिटणारे पाते ही कल्पना जुनी आहे. रोमन काळातील घडीचे चाकू आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. पुढे शतकानुशतके, आणि आजही अनेक चाकूंत, सगळा भार मुठीच्या पाठीत बसवलेल्या एका सपाट स्प्रिंगवर असतो. उघडताना पात्याचे बूड ही स्प्रिंग वर उचलते, पाते पूर्ण उघडले की ती ‘टक्’ आवाज करून खाली बसते, आणि तिच्या दाबामुळे पाते उघडे राहते. स्वित्झर्लंडमधील इबाख येथील कार्ल एल्झेनर यांनी १८९१ पासून स्विस सैन्याला पुरवलेले चाकू याच जातीचे होते, आणि १८९७ मध्ये त्यांनी नोंदवलेला अधिकाऱ्यांचा चाकू, ज्याच्यातून आजचा लाल मुठीचा स्विस चाकू घडला, तोही याच तत्त्वावर चालतो. अशा चाकूने दोर कापताना किंवा काडी तासताना जोर धारेच्या दिशेने पडतो, त्यामुळे पाते उलट अधिक घट्ट उघडे राहते. धोका आहे तो टोकाने भोक पाडताना, किंवा जाड लाकडात रुतलेले पाते मागे ओढताना. ही दोन कामे टाळणाऱ्या माणसाला स्प्रिंगचा साधा चाकू आयुष्यभर पुरतो.

(दृश्य : जवळून. लाकडी मुठीवरची धातूची कडी अंगठ्याने फिरवली जाते. तिची फट पात्याच्या बुडापासून दूर सरकते.)

पाते पक्के अडवणाऱ्या रचनांना सर्रास लॉक म्हणतात. फ्रान्सच्या सावोआ भागात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवायला घेतलेल्या लाकडी मुठीच्या चाकूला सुरुवातीला लॉक नव्हते. मुठीच्या गळ्याशी फिरणारी कडी १९५५ मध्ये आली. कडीची फट पात्यासमोर असेतो पाते मिटते, आणि कडी थोडी फिरवली की पात्याच्या बुडापुढे धातूची सलग भिंत उभी राहते. याहून सोपी आणि डोळ्यांनी तपासता येणारी दुसरी रचना मला ठाऊक नाही. अडचण कडीची नसून लाकडाची आहे, कारण पावसात भिजलेली मूठ फुगते आणि पाते खाचेत इतके घट्ट बसते की नखाने ओढून निघत नाही.

पाठीकडचे लॉक अमेरिकेतील बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूमुळे १९६४ नंतर सर्वदूर पोहोचले. त्यात मुठीच्या पाठीतील पट्टीचा दात पात्याच्या बुडातील खाचेत उतरतो आणि पट्टीचे दुसरे टोक दाबले की तो दात वर येतो. हे लॉक भक्कम असते आणि उजव्या-डाव्या हाताचा भेद मानत नाही. मात्र त्या खाचेत वाळू किंवा वाळलेला चीक साचला, तर दात अर्धवटच बसतो आणि लॉक लागल्याचा नुसता भास होतो.

मुठीच्या आतील पातळ पत्रा बाजूला सरकून पात्याच्या बुडामागे उभा राहतो ते लायनर लॉक. मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकात त्याला आजचे रूप दिले आणि स्वस्त-महाग सगळ्या चाकूंत ते शिरले. चांगल्या हाताने बनवलेले लायनर लॉक उत्तमच असते, पण निष्काळजीपणे बनवलेले त्याच्याइतके फसवे दुसरे काही नाही, कारण पत्रा बुडाच्या काठावर जेमतेम टेकलेला असला तरी वरवर पाहता सगळे ठीकच दिसते. शिवाय ते सोडवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो, आणि डावखुऱ्या माणसाला ते बहुधा उलट्या बाजूचे पडते. १९९८ मध्ये आलेल्या आडव्या दांडीच्या लॉकने हे दोन्ही प्रश्न बरेचसे सोडवले. त्यात दोन्ही बाजूंनी पकडता येणारी दांडी मागे ओढली की पाते सुटते आणि बोटे त्याच्या वाटेबाहेर राहतात. पहिल्यांदाच चाकू घेणाऱ्याला मात्र मी कडीचे किंवा पाठीकडचे लॉक सुचवीन.

(दृश्य : उघडलेला चाकू डोळ्यांसमोर आडवा धरलेला, पात्याला दोन बोटांनी हलके हेलकावे दिले जात आहेत.)

हातात घेतलेला चाकू पारखायला दोन मिनिटे पुरतात. पाते पूर्ण उघडावे, लॉक लावावे, पात्याचा सपाट भाग दोन बोटांत धरून आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवून पाहावे. आडवी किंचित हालचाल असेल तर ती बहुतेक वेळा खिळीचा स्क्रू जरासा आवळून जाते. वर-खाली हालचाल असेल तर लॉक पात्याला नीट भिडत नाही असे समजावे, आणि तो चाकू कितीही देखणा असला तरी परत ठेवावा. त्यानंतर, सगळी बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवून दाबावी; लॉक सुटता कामा नये. आपटून पाहण्याचे पराक्रम करू नयेत, त्याने चांगले लॉकही खराब होते.

आता पात्याकडे वळू. मुक्कामावर चाकूला पडणारी कामे बहुतांशी बारीकसारीक असतात : दोर कापणे, फळ चिरणे, पाकीट फोडणे, खुंटीला टोक काढणे, चिकटपट्टी किंवा पट्टीचे कापड कापणे, शेकोटी पेटवण्यासाठी काटकीच्या पातळ ढलप्या काढणे. यांपैकी कशालाही सात ते नऊ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही. जाडीच्या बाबतीत मात्र खरेदी करणारे हमखास फसतात. चार मिलिमीटर जाडीचे पाते हातात दणकट वाटते, पण त्याने सफरचंद चिरायला घ्या : पाते अर्ध्यावर जाईपर्यंत फळ कापले जाण्याऐवजी तडकते, आणि फोडीची कड ओबडधोबड निघते. तेच दोन-अडीच मिलिमीटरचे, पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळते होत गेलेले पाते फळातून अलगद उतरते. कापण्याची सुलभता धारेच्या तीक्ष्णपणाइतकीच धारेच्या लगेच वर पाते किती पातळ आहे यावर ठरते, म्हणून चाकू टोकाकडून डोळ्यांसमोर धरून हा निमुळतेपणा पाहून घ्यावा.

आकारांची नावे पुष्कळ आहेत आणि त्यांवरून वादही पुष्कळ होतात. पाठ टोकाकडे हळूहळू खाली उतरत येणारे आणि धारेला थोडे पोट असलेले पाते जवळजवळ सगळ्या कामांना चालते. टोक नाजूक नको असेल तर सरळ धारेचे आणि बोथट नाकाचे पाते घ्यावे, ते हलत्या बोटीत किंवा मुलांच्या आसपास अधिक सुरक्षित असते. दातेरी धार ओल्या दोरावर झपाट्याने चालते, पण साध्या दगडावर तिला धार लावता येत नाही. अर्धी साधी आणि अर्धी दातेरी धार हा तर मला नेहमीच चुकीचा सौदा वाटतो, कारण दाते मुठीजवळ असतात आणि लाकूड तासताना सर्वांत जास्त जोर नेमका तिथेच द्यायचा असतो.

पोलादाबद्दल जेवढे बोलले जाते तेवढे त्याच्यावर अवलंबून नसते. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाला स्टेनलेस म्हणतात, आणि चाकूंत ते सहसा त्याहून जास्त असते. तरीही खाऱ्या पाण्यात ओले ठेवले तर तेही गंजते. साधे कार्बन स्टील पटकन पाजळते आणि छान धार घेते, पण फळाच्या रसाने तासाभरात काळवंडते आणि कोरडे न ठेवल्यास गंज धरते. पोलाद जितके कठीण तितकी धार टिकते, परंतु दगडावर घासायला ते तितकेच हट्टी होते आणि आडव्या ताणात त्याची कपची उडते. रॉकवेल मापात ५६ ते ५९ कठीणतेचे मध्यम स्टेनलेस पोलाद मुक्कामाला सोयीचे, कारण धार गेली तर खिशातल्या लहानशा दगडावर ती परत आणता येते. धार लावताना पाते आणि दगड यांच्यात प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांचा कोन राखावा.

(दृश्य : हातमोज्यातला हात पात्यावरची नखाची खाच शोधतो, ती सापडत नाही.)

मूठ चित्रात पाहून कळत नाही. चाकू हातात आवळून धरावा आणि लाकूड तासण्याची हालचाल काही वेळ करावी. खिशाला अडकवायची क्लिप तळव्यात रुतत असेल, तर तिथे अर्ध्या तासात फोड येणार हे नक्की. काचतंतूंचे थर राळेत दाबून बनवलेली मूठ आणि खडबडीत नायलॉनची मूठ ओल्या हातातून निसटत नाही, गुळगुळीत धातू मात्र थंडीत बोटे गारठवतो. नारिंगी किंवा पिवळी मूठ शहरात भडक वाटते, तरी पाचोळ्यात पडलेला चाकू तिच्यामुळेच सापडतो. नखाने उघडायची खाच थंडीत बधिर झालेल्या बोटांना जुमानत नाही, आणि तिथे पात्यावरचा खुंट किंवा भोक उपयोगी पडते.

एका हाताने उघडणाऱ्या आणि लॉक होणाऱ्या चाकूंकडे अनेक देशांचे कायदे वेगळ्या नजरेने पाहतात. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, तीन इंचांपर्यंत धारेचा आणि लॉक नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येतो, तर लॉक असलेल्या चाकूसाठी सबळ कारण असावे लागते. जिथे जायचे तिथला नियम आधी पाहावा, आणि विमानप्रवासात चाकू हातातल्या सामानात न ठेवता विमानतळावर जमा करायच्या सामानात ठेवावा.

करवत, टोच्या, डबा उघडणी अशी अवजारे जोडलेला चाकू घ्यावा का, हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे. लहान करवत खरोखरच कामाची असते, अंगठ्याएवढी फांदी ती पात्यापेक्षा लवकर आणि कमी धोक्यात कापते. बाकीच्या प्रत्येक अवजारागणिक मूठ जाड होत जाते. पण असा चाकू असो वा साधा, पात्याच्या पाठीवर दांडके मारून लाकूड फोडणे, झाकण उचकटणे आणि रुतलेले पाते पिळणे ही कामे घडीच्या चाकूची नाहीत. त्यांत सगळा आघात खिळीवर आणि लॉकवर जातो. लाकूड फोडायचेच असेल, तर सलग पात्याचा चाकू किंवा लहान कुऱ्हाड सोबत न्यावी.

(दृश्य : वाहत्या पाण्यात उघडा चाकू, सांध्यातून वाळू निघते आहे.)

मुक्कामाहून परतल्यावर चाकू उघडून गोड्या पाण्याने सांधा धुवावा, मऊ ब्रशने खाचेतील वाळू काढावी, कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावा आणि खिळीवर खनिज तेलाचा एक थेंब सोडावा. खाद्यतेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. तेल सोडल्यावर पाते चार-पाच वेळा उघडमीट करून जास्तीचे तेल पुसावे, आणि लॉक पूर्ण बसते की नाही हे त्याच वेळी पुन्हा पाहून घ्यावे.