स्ट्रॉबेरी, चॉकलेट आणि पाण्याचा थेंब

[दृश्य: भिलार, सकाळ. काळ्या मल्चिंग पेपरमधून वर आलेली स्ट्रॉबेरीची रोपं. फळ खुडणारे हात.]

जानेवारी महिना. महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर स्ट्रॉबेरीची तोडणी ऐन भरात आली आहे. भिलारच्या शेतांत ऊन चढायच्या आत बायका गादीवाफ्यांमधून वाकून फळं खुडतात, हिरव्या टोपीसकट. एकदा तोडलं की हे फळ पुढे पिकत नाही. आंबा आढीत घालता येतो, स्ट्रॉबेरीला आढी नाही. त्यामुळे देठापाशी पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घेतली, तर ती घरी येऊन गोड होईल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथलं बरंचसं फळ पर्यटकांच्या क्रीममध्ये, जॅममध्ये आणि सरबतात जातं. आपण मात्र एक बॉक्स घेऊन पसरणीचा घाट उतरतोय, वाईतल्या एका स्वयंपाकघराकडे.

[दृश्य: ओटा. सुती पंचावर पसरलेल्या स्ट्रॉबेऱ्या, वर पंखा चालू.]

आज इथे स्ट्रॉबेरी चॉकलेटात बुडवायची आहे. ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं. पण स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. तिथे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशात, साखरेचे आणि कोकोचे बारीक कण तरंगत असतात. या दोघांची गाठ तोंडात पडली तर बहार, भांड्यात पडली तर सगळं मुसळ केरात.

म्हणून फळं धुवायची ती देठ न काढता. देठ काढलेल्या जागेतून पाणी आत शिरतं आणि मग बुडवताना बाहेर येतं. धुतल्यावर एकेक फळ टिपायचं, टोपीची पानं उचलून त्याखालीसुद्धा. मग पंख्याखाली ठेवायची. फ्रिजमधून थेट काढलेलं फळ नको, कारण थंड सालीवर हवेतलं बाष्प जमतं.

[ध्वनी: सुरीचा आवाज, चॉकलेट चिरताना.]

सूनबाई चॉकलेट चिरतायत. सासूबाई कौतुकाने जवळ येतात.

"अहो आई, ओला हात नको हं भांड्याजवळ."

"अगं, पुसून आलेय."

[दृश्य: वाटीत वितळलेलं थोडं चॉकलेट, वरून पाण्याचा एक थेंब.]

ही धास्ती कशासाठी, ते बघण्यासाठी एका वाटीत मुद्दाम पाण्याचा थेंब टाकू. चमच्याने ढवळलं की रेशमी चॉकलेटचा बघता बघता रवाळ, घट्ट गोळा होतो. साखरेचे कण ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. ही वाटी बाजूला राहू द्या, तिचं काम नंतर आहे.

[दृश्य: पातेल्यात मंद उकळणारं पाणी, वर काचेचा वाडगा.]

वाडग्याचा तळ पाण्याला टेकलेला नाही. गॅस मंद. एकूण ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट आहे, त्यातलं २०० वाडग्यात जातं आणि ४५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. वाडगा खाली उतरवताना त्याची बूड आधी पुसायची. तिथे वाफेचं पाणी साचलेलं असतं.

आता इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथे आहे. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. आपल्याला हवा तो पाचवा. त्याच्यामुळे चॉकलेट चमकतं, मोडताना कट्ट वाजतं, आणि ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडात गेल्यावर वितळतं. नुसतं वितळवून गार केलं तर हे सगळे स्फटिक वाटेल तसे जमतात. मग वडी मऊ राहते, बोटाला लागते आणि वर राखाडी ढग येतात. कित्येकांना ती बुरशी वाटते. ती बुरशी नव्हे, पृष्ठभागावर आलेलं कोको बटर आहे.

हवे ते स्फटिक आणायचे कुठून? ते दुकानातून आणलेल्या चॉकलेटमध्येच तयार असतात. म्हणून बाजूला ठेवलेले १०० ग्रॅम तुकडे आता गरम चॉकलेटमध्ये थोडे थोडे घालायचे. दुधाला विरजण लावतो, तसंच. ढवळत राहायचं, ३१-३२ अंशांपर्यंत उतरेस्तोवर. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३०. तापमापक नसेल, तर चमच्यावरचा ठिपका खालच्या ओठाला लावून बघा. किंचित गार लागला की जमलं. खात्री करायची तर सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाचेक मिनिटांत चमकदार, कोरडं झालं, की पुढे व्हायचं.

[दृश्य: अगदी जवळून. टोपी चिमटीत धरून फळ बुडवलं जातं.]

पानं चिमटीत धरायची. फळ खांद्यापर्यंत बुडवायचं, फिरवत वर काढायचं, हलकेच झटकायचं आणि तळ वाडग्याच्या काठावर पुसायचा. हे पुसणं विसरलं की बटर पेपरवर फळाभोवती चॉकलेटची जाडी चकती जमते.

वाईतल्या जानेवारीच्या सकाळी बुडवलेली फळं ओट्यावरच आळतात. मुंबईत दहा-पंधरा मिनिटं फ्रिज लागेल. मे महिन्यात विदर्भात ओट्यावर हा उद्योग करूच नये. तिथली हवाच कोको बटर वितळवेल. अशा वेळी कंपाउंड चॉकलेट कामाला येतं. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे नुसतं वितळवलं तरी भागतं. वाढदिवसाला पन्नास मुलं असतील तर खुशाल वापरा. पण टाळूला मेणासारखा थर राहतो, तो राहतोच. वेष्टनावरची घटकांची यादी वाचली की आपण काय विकत घेतलं ते कळतं.

[दृश्य: ताटात संत्र्याच्या फोडी, आंबापोळीच्या पट्ट्या.]

स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला की नागपुरी संत्री आहेतच. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतं. शिरा काढायच्या, पण फोडीची पातळ साल फाटू द्यायची नाही. तेवढी सालच रसाला आत धरून ठेवते. अर्धी फोड बुडवायची आणि वर मिठाचे दोन कण. केळ्याची तऱ्हा निराळी. चकत्या फ्रीझरमध्ये दगडासारख्या करायच्या आणि २०० ग्रॅम चॉकलेटमध्ये दोन मोठे चमचे खाण्याचं खोबरेल घालून त्यात बुडवायच्या. कवच डोळ्यांदेखत गोठतं, वर अंश मोजायची कटकट नाही.

हापूसची फोड मात्र बुडवू नये. ओल्या गरावर कवच टिकत नाही आणि हापूसला त्याची गरजही नाही. चॉकलेटच हवं असेल तर आंबापोळीच्या पट्ट्या घ्या. तिच्यात पाणी बेताचं असतं आणि आंबटगोड चवीशी कडवट चॉकलेट छान जुळतं.

बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या त्याच दिवशी संपवायच्या. दुसऱ्या दिवशी कवचाखाली रस सुटतो आणि देठापाशी ओघळ येतात.

[दृश्य: रवाळ झालेली वाटी. वरून गरम दुधाची धार.]

आणि ती मघाची बिघडलेली वाटी? थेंबभर पाण्याने जे आवळलं, ते भरपूर दुधाने सैल होतं. गरम दूध थोडं थोडं घालून घोटत राहा, गुठळ्या मोडतात. आणखी दूध घातलं की सासूबाईंसाठी कपभर हॉट चॉकलेट.