रोजचं पेन, रोजची शाई

नमस्कार श्रोतेहो. आज शाईपेनाबद्दल बोलायचं आहे. मखमली डबीत ठेवलेलं, लग्नात भेट आलेलं पेन नव्हे, तर रोज खिशाला लागतं आणि रोज वहीवर चालतं ते पेन. आणि अर्थातच त्यात भरायची शाई.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढेही दोन-तीनदा सांगेन. शाईपेन वापरल्याने बिघडत नाही, पडून राहिल्याने बिघडतं. पेन पडून राहिलं की शाईतलं पाणी उडून जातं आणि रंग मागे राहतो. तो रंग निबच्या चिरेत आणि निबच्या खालच्या जिभेत घट्ट बसतो. मग आपण म्हणतो, पेन चालत नाही.

रोजच्या वापराला कोणतं पेन घ्यावं, असं पुष्कळजण विचारतात. काडतुसाचं, म्हणजे शाईने भरलेली छोटी नळी बदलायचं घ्यावं, पिस्टनचं, म्हणजे मागचा भाग फिरवून शाई ओढायचं घ्यावं, की ड्रॉपरने शाई भरायचं? माझं मत ड्रॉपरच्या पेनाच्या बाजूने आहे. त्याची पूर्ण नळी हीच शाईची टाकी. छोट्या काडतुसात पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते, तर ड्रॉपरच्या पेनात सहज अडीच-तीन मिलिलिटर. आत रबरी पिशवी नाही, स्प्रिंग नाही, म्हणजे कुजायला आणि अडकायलाही काही नाही. ड्रॉपरच्या पेनाचं नाव निघालं की मला राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचा अर्धा भाग आपल्या वर्ध्यात घडला आहे.

आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आंध्रात जिथे समुद्राच्या जवळ पोचते, तिथे राजमहेंद्री आहे. तिथले के. व्ही. रत्नम हे धातूचे साचे घडवणारे कारागीर. त्यांच्याबद्दल सांगतात ते असं, की 1921 साली वर्ध्याला त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि त्यांनी आपलं काम दाखवलं. गांधीजींचं म्हणणं पडलं, की टाचणीपासून पेनापर्यंत काहीही करा, पण सर्वसामान्यांच्या उपयोगाचं करा आणि स्वदेशी करा. रत्नम यांनी त्यातलं पेन मनावर घेतलं.

आता पेन स्वदेशी करायचं म्हणजे काय करायचं, हे जरा नीट पाहू, कारण या गोष्टीचा जीव त्यातच आहे. नळी आणि टोपण एबोनाइटचं. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, 100 भागांना 30-40 भाग, तापवून कडक केलेला पदार्थ. त्याची कांडी लेथवर लावायची, बाहेरून तासायची, आतून भोक पाडायचं आणि आटे पाडायचे. आटे सैल झाले तर शाई गळते, फार घट्ट झाले तर नळीला तडा जातो. इथवरचं काम हात बसलेल्या कारागिराला जमतं.

पुढचं काम निबचं. पातळ पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याला छोटं भोक पाडायचं आणि भोकापासून टोकापर्यंत चीर द्यायची. टोकाला झिजणार नाही अशा कठीण धातूचा कण जोडायचा, कारण नुसतं सोनं कागदावर घासून लवकर झिजतं. हा कणही चिरेने बरोबर मधोमध दुभंगायला हवा. चीर टोकाशी जवळजवळ मिटलेली आणि मागे भोकापाशी किंचित उघडी असावी. उलटं झालं, टोकाशी फाकली आणि मागे मिटली, तर शाई टोकापर्यंत येतच नाही.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे जीभ. निबच्या पोटाला चिकटून असलेला तो काळा तुकडा आपण कधी नीट पाहतही नाही. त्याच्या पाठीवर एक खाच असते आणि खाचेच्या तळाशी आणखी बारीक चिरा. त्या बारीक चिरांतून शाई पुढे येते आणि खाचेतून हवा मागे नळीत जाते. जितकी शाई बाहेर, तितकी हवा आत. हवा जायला वाट उरली नाही तर दोन ओळी लिहून पेन थांबतं. वाट जास्त मोठी झाली तर कागदावर डाग पडतो. पुन्हा सांगतो, कारण पुढे याच गोष्टीवर सगळं येणार आहे: शाई बाहेर येण्यासाठी हवा आत जावी लागते.

हे सगळं राजमहेंद्रीत जमवायला वर्षं गेली. 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रत्नम यांची पेनं तयार होऊ लागली. पुढे गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चालायचं आणि ते पाहत होते जे. सी. कुमारप्पा, हिशेबाचे पक्के आणि तपासणीत कुणाची भीड न बाळगणारे. पेन खरोखर स्वदेशी आहे याची खात्री पटेपर्यंत ते स्वीकारायचं नाही असं ठरलं, आणि ती खात्री करण्याचं काम कुमारप्पांकडे आलं, असं सांगितलं जातं. गांधीजी तर मुळात बोरूच्या बाजूचे. खेड्यातला माणूस स्वतः तासून घेईल ती लेखणी त्यांना जवळची. अशा माणसाच्या हाती फाउंटन पेन द्यायचं, तेही परदेशी पेनांनी बाजार भरलेला असताना.

पेन कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोचलं. 16 जुलै 1935 रोजी गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहिलं. पत्र अगदी लहान आहे. कुमारप्पांमार्फत पाठवलेल्या पेनाबद्दल आभार मानले आहेत, ते वापरून पाहिल्याचं लिहिलं आहे, आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो असं म्हटलं आहे. बस्स, इतकंच. श्रोतेहो, मला या पत्रात फार मोलाचं वाटतं ते ‘वापरून पाहिलं’ हे. स्वदेशी आहे म्हणून कौतुक केलं नाही. आधी त्या पेनाने लिहून पाहिलं, मग अभिप्राय दिला. पेनाची परीक्षा लिहूनच होते, आजही. दुकानात कोरडी निब कागदावर टेकवून पेन निवडणारे पाहिले की मला वाईट वाटतं. शाईत बुडवून चार ओळी लिहू द्या म्हणावं, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

त्याच काळात शाईही इथेच तयार होऊ लागली होती. 1931 साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यांचा ‘हॉर्स ब्रँड’ होता, पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि त्यातूनच कॅमलिन. बंगालमध्ये 1934 साली सुलेखा शाई निघाली. आपल्यापैकी कितीतरी जणांची बोटं कॅमलच्या रॉयल ब्लूने रंगलेली आहेत. शाळांनी पाचवीपासून शाईपेन पुन्हा हातात द्यावं असं मला मनापासून वाटतं. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, शाईपेनाला दाब लागतच नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाचा हात त्याने कमी दुखतो. असो, तो वेगळा विषय आहे.

आता ड्रॉपरचं पेन भरायचं कसं. पुढचा भाग, ज्यात निब बसवलेली असते, तो फिरवून काढा. नळी उभी धरा. ड्रॉपरने शाई सोडा, पण काठापर्यंत भरू नका. आट्यांच्या खाली साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवा, कारण पुढचा भाग बसवला की जिभेचं शेपूट शाईत बुडतं आणि शाई वर चढते. आट्यांवर सांडलेली शाई पुसून घ्या. मग आट्यांवर शुद्ध सिलिकॉन ग्रीज, मोहरीएवढं, बोटाने फिरवा. त्याने आट्यांमधली फट बंद होते. व्हॅसलीन लावू नका. आट्यांपाशी रबराची रिंग असेल तर ते तिला फुगवतं आणि कालांतराने सैल करतं. ग्रीज जास्त झालं तर तेही जिभेपर्यंत जातं, आणि तेलकट जिभेला शाई धरत नाही. म्हणून मोहरीएवढंच.

या पेनाची एकच खोड आहे. शाई एक तृतीयांश उरली की ते मधूनच थेंब टाकतं. याचं कारण हवाच. नळीत शाई कमी म्हणजे हवा जास्त. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. एबोनाइट उष्णता हळू पोचवतं म्हणून त्यात हे कमी होतं, धातूच्या नळीत जास्त. उपाय साधा आहे: एक तृतीयांश उरलं की पुन्हा भरा. मुंबईहून महाबळेश्वरला चढताना हवेचा दाब साधारण 15 टक्क्यांनी घटतो, आतली हवा फुगते आणि टोपणात शाई साचते. विमानातही तेच. प्रवासाला निघताना पेन पूर्ण भरलेलं तरी न्या, नाहीतर पूर्ण रिकामं, आणि निब वर करून उभं ठेवा.

शाईचं बोलू. रोजच्या लेखनाला पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी शाई घ्या. रॉयल ब्लू पेनाला सगळ्यात सोसते आणि धुवायलाही सोपी. पण ती पाण्याने पुसते, म्हणून चेकवर, करारावर, दाखल्यावर रॉयल ब्लू नको. तिथे पक्की निळी-काळी शाई हवी. निळ्या-काळ्या शायांपैकी काही लोहाच्या असतात: लोहाचा क्षार आणि हिरडा-माजूफळात असतं तसं टॅनिन. कागदावर हवा लागली की त्या काळ्या पडतात आणि मग पाण्याने जात नाहीत. मात्र त्या आम्लधर्मी असतात. पेनात वाळू दिल्या तर जिभेत गाळ बसतो आणि स्टीलची निब गंजते. अशी शाई भरलीत तर पेन रोज चालवा आणि तीन-चार आठवड्यांनी धुवा. ड्रॉइंगची इंडिया इंक शाईपेनात कधीही, कधीही भरू नका. तिच्यात लाखेसारखं चिकट द्रव्य असतं, आणि वाळलं की पाण्याने सुटत नाही. स्टँप पॅडची शाईही नको.

दोन कंपन्यांच्या शाया मिसळू नका. एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कली असली की चोथा होतो आणि जीभ बंद पडते. शाई बदलायची तर पेन आधी धुवा.

धुवायचं थंड पाण्याने. गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो. ऊन लागलं तरी तेच. स्पिरिट नको, ॲक्रिलिकच्या नळीला तडे जातात. पेन अडकलं असेल तर वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका आणि निबचा भाग रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ड्रॉपरने किंवा रबरी फुग्याने मागून पाणी सोडा, ते स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी डिस्टिल्ड असावं, बोअरच्या पाण्यातला क्षार चिरेत बसतो. निब खाली करून टिपकागदावर उभी ठेवा, दिवसभर. घाई करून ओली भरलीत तर पहिली पानं फिकी येतात.

पावसाळ्यात शाई कागदावर फुटते, आणि दोष पेनावर येतो. खरं कारण कागद. हवेतली ओल त्याने ओढलेली असते. वहीचा कागद 70-80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा घ्या, पण नुसत्या वजनावर जाऊ नका, पृष्ठभाग गुळगुळीत आणि नीट बंद असायला हवा. स्वस्त वहीवर लिहायचं असेल तर बारीक निब आणि कमी ओली शाई. पेन साधारण 45 ते 55 अंशांत धरा आणि दाबू नका. दाबलं की निबची दोन पाती फाकतात, शाई तुटून मध्ये रिकामी रेघ येते. एकदा वाकलेली पाती घरी पकडीने सरळ करायला जाऊ नका, टोकाचा कण निखळतो. प्रत्येक जुन्या गावात पेन दुरुस्त करणारा एखादा कारागीर असायचा, लेथ आणि भिंग घेऊन बसलेला. जिथे अजून आहे तिथे त्याच्याकडेच न्या. त्याची कला त्याच्याकडे येणाऱ्या कामावरच टिकेल.

बाटली अंधारात ठेवा आणि पेनात उरलेली शाई तिच्यात परत ओतू नका. नळीतून आलेली बुरशी पूर्ण बाटली नासवते. उघडताना पांढरे तंतू दिसले किंवा कुजका वास आला तर ती शाई टाकून द्या. आणि आज कपाटातून पेन काढाल तेव्हा थेट शाई भरू नका, आधी एक रात्र पाण्यात ठेवा. वर्षानुवर्षांची वाळलेली शाई एका रात्रीत सुटली नाही तर पाणी बदलून आणखी एक रात्र. नमस्कार.