रंग न धरणारे प्लास्टिक : बंपरची घरच्या घरी रंगदुरुस्ती

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा बंपर पोलादी होता आणि त्यावर क्रोमचा मुलामा असे. आजच्या बहुतेक मोटारींचा बंपर प्लास्टिकचा असतो, आणि अरुंद गल्लीत किंवा इमारतीखालच्या खांबाला सर्वांत आधी घासतो तो हाच भाग. असा ओरखडा घरी दुरुस्त करता येतो. मात्र दुरुस्तीनंतर थोड्याच महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटू लागले, तर त्याचे कारण बहुधा रंगात नसते. ते रंगाखालच्या पृष्ठभागात असते.

बंपर उतरवून उलटा ठेवला की आतल्या बाजूला साच्यातच उमटलेली अक्षरे दिसतात. अनेक बंपरांवर तेथे पीपी, ईपीडीएम आणि टी 20 असे लिहिलेले असते. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात मिसळलेले रबर आणि 20 टक्के शंखजिऱ्याची पूड. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज दुसरे काहीच नसते, त्यामुळे रंगाच्या रेणूंना धरून राहण्यासारखी जागा त्यावर जवळजवळ मिळत नाही. कारखान्यात यासाठी बंपरवरून क्षणभर वायूची ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) वापरतात. घरी ज्योतीचा प्रयोग कोणीही करू नये. त्याऐवजी अ‍ॅढिजन प्रमोटर नावाचा, पाण्यासारखा दिसणारा द्रव स्प्रेच्या डब्यात मिळतो. तो एका बाजूने प्लास्टिकमध्ये किंचित शिरतो आणि दुसऱ्या बाजूने प्रायमरला धरून ठेवतो. जेथे जुना रंग घट्ट आहे तेथे त्याची गरज नाही, पण जेथे उघडे प्लास्टिक दिसते तेथे तो टाळणे म्हणजे पुढची सारी मेहनत वाया घालवणे होय.

घासण्याआधी धुणे, हा क्रम बदलू नये. मेणाचा किंवा पॉलिशचा थर अंगावर असताना घासायचा कागद (सँडपेपर) फिरवला, तर तो तेलकटपणा निघण्याऐवजी चरांमध्ये दाबला जातो. म्हणून प्रथम साबणाचे पाणी आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे, आणि तेही दोन फडक्यांनी : एका ओल्या फडक्याने पुसावे आणि द्रव उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे, कारण द्रव आपोआप वाळला तर मळ जागच्या जागी राहतो. डॅशबोर्डच्या पॉलिशमधील सिलिकॉनचा अंश उरला, तरी ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

यानंतर ओरखड्याच्या कडा 320 नंबरच्या कागदाने अशा घासाव्यात की जुना रंग आणि प्लास्टिक यांमधली पायरी बोटाला लागू नये. उघड्या पॉलिप्रॉपिलीनवर घासताना बारीक तंतू उभे राहतात; ते दिसले की जोर कमी करावा आणि बारीक कागद घ्यावा. खोल चर भरायला पत्र्यावरची नेहमीची लांबी (पुट्टी) चालत नाही, कारण बंपर वाकतो आणि ती लांबी तडकते. प्लास्टिकसाठीची लवचीक लांबीच घ्यावी. प्रायमर वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून 600 नंबरच्या वॉटर पेपरने घासले, तर जेथे काळा ठिपका उरतो तेथे खोलगट भाग आहे, हे डोळ्यांना सहज कळते.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, परंतु ऊन खाल्लेली गाडी त्या कोडाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. त्यासाठी रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मारून, तो वाळल्यावर गाडीशेजारी उन्हात धरून पाहावा.

महाराष्ट्रात या कामाला दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. डबा सुमारे 20 ते 25 सेंटिमीटर दूर धरून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा येईल असे पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ सोडावा. एकाच जाड हाताने ओघळ येतात. मेटॅलिक रंगाचा शेवटचा हात थोड्या अधिक अंतरावरून दिल्यास चमकीचे कण एकसारखे बसतात.

वरच्या पारदर्शक थरासाठी हार्डनर मिसळायचा टू-के प्रकार अधिक टिकाऊ असतो, तरीही घरी तो वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातील आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो. हार्डनर न लागणाऱ्या साध्या वन-के लॅकरसाठीही रासायनिक वाफा शोषणारा मास्क, मोकळी हवा आणि आसपास कोणतीही ज्योत नसणे आवश्यक आहे.

पार्किंग सेन्सर रंगवण्याआधी काढून ठेवावेत. ज्या गाड्यांच्या बंपरमागे रडार बसवलेले असते, तेथे लांबी आणि रंगाचे जाड थर त्याच्या लहरींना अडथळा करतात. त्या भागाची दुरुस्ती कंपनीच्या सूचना पाहिल्याशिवाय हाती घेऊ नये. रंग हाताला सुकलेला लागला तरी आतून पक्का व्हायला आणखी दिवस लागतात, तोवर बंपरवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये आणि मेणाचे पॉलिश तर महिनाभर लावू नये.