मुहूर्तमेढ आणि टोटेम

मंडळी, गेल्या वैशाखात इथेच, रामबागेत, एका लग्नाला गेलो होतो. मांडव कंत्राटाचा, सगळे लोखंडी पाइप. मुलाची आई अडून बसली, देवक बांधायला मेढ लाकडाचीच हवी. शेवटी मांडववाला भिया कुठूनसा एक बांबू घेऊन आला. मुलाचे काका खांद्यावर कुऱ्हाड टाकून पुढे, त्यांच्या उपरण्याला पदराची गाठ मारून काकू मागे. वाजतगाजत पंचपल्लव आणलं आणि त्या बांबूला बांधलं. माझ्या शेजारच्या हिंदी भाषिक पाहुण्याने विचारलं, ‘ये कौन से भगवान हैं?’ मी म्हटलं, भगवान नाहीत हो, आडनावामागचं आडनाव आहे.

हाच प्रश्न कॅनडा-अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर मिशनऱ्यांना पडला होता. तिथल्या हैडा, ट्लिंगिट, त्सिमशियन या आदिवासी लोकांच्या घरांपुढे तांबड्या सीडरच्या लाकडाचे उंच कोरीव खांब, म्हणजेच टोटेम पोल: कावळा, अस्वल, लांडगा, देवमासा. पाहिल्याबरोबर ठरवलं, मूर्तिपूजा. पण त्या खांबांना कोणी हात जोडत नव्हतं. हे घराणं कुठल्या कुळाचं, कोणती कथा सांगायचा हक्क त्याचा, कोण गेलं, हे त्यावर कोरलेलं असे. खांब वाचायचा असतो.

गंमत म्हणजे ‘टोटेम’ हा शब्द या लोकांचा नव्हेच. तो हजारो मैल पूर्वेच्या, महासरोवरांकाठच्या ओजिब्वे लोकांचा. अर्थ साधारण ‘माझं कूळ’. जॉन लाँग नावाच्या व्यापाऱ्याने 1791 मध्ये तो इंग्रजीत छापला. ओजिब्व्यांनी असे खांब कधी उभारले नाहीत. मात्र टोटेम एक, तर लग्न नाही, हा नियम त्यांचा. आता सांगा, देवक जुळलं की आपण काय म्हणतो? भाऊबंद निघाले, सोयरीक नको. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, कुणाचं कळंब. बैतूल-छिंदवाड्याकडे टेकाम, मरकाम भेटतील. गोंडीत टेका म्हणजे साग, मरका म्हणजे आंबा. ‘देवक’ शब्दात देव शिरलाय खरा, पण काम सोयरीक ठरवण्याचं, असं माझं मत.

खांबावर उधारीही चढते. सेवर्ड हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. 1867 साली रशियाकडून अलास्का विकत घेणारे. दोन वर्षांनी ते तिकडे गेले तेव्हा ट्लिंगिट प्रमुखाने मेजवानी दिली, भेटी दिल्या. साहेबांनी परतीचा आहेर केलाच नाही. लोकांनी लाज काढायला त्यांचा खांब उभारला, नाक आणि कान लाल रंगवून. असे सोयरे आपल्याकडेही असतात. आपण फक्त खांब कोरत नाही. आहेराच्या अशा समारंभाला पॉटलॅच म्हणतात. कॅनडा सरकारने 1885 पासून त्यावर बंदी घातली, ती 1951 पर्यंत. खांब उभारायचा तर पॉटलॅच लागतोच, म्हणजे कायद्याने खांबच आडवे केले.

एका खांबाची हकिगत मात्र सविस्तर सांगतो. देवीच्या साथीत बायकामुलं गमावलेल्या त्याच किनाऱ्यावरच्या हायस्ला लोकांच्या एका प्रमुखाने 1872 मध्ये नऊ मीटरचा खांब उभारला. 1929 मध्ये तो तोडून स्वीडनच्या संग्रहालयात नेला गेला. हायस्ला लोकांनी पुढे तो परत मागितला. बदल्यात नवा खांब कोरून दिला. तरी संग्रहालयाचा आग्रह असा, की जुना नेणार असाल तर तो टिकेल अशी इमारत बांधा. इथे दोन समजुतींची गाठ पडली. त्या लोकांच्या लेखी खांब पडतो, मातीला मिळतो, हेच रीतीला धरून. शेवटी 2006 मध्ये तो घरी आला. संग्रहालयवाल्यांची कळकळ खोटी नव्हती. पण जपायचं काय, लाकूड की रीत, हे त्यांनी ठरवावं का?

तर रामबागेत. देवक उठवलं, भियाने पाइप मोजून टेम्पोत भरले, बांबूही उचलायला गेला. मुलाच्या आईने हात धरला. ‘तो राहू दे. परसात टाकते, कुजेल तिथेच.’ भियाने वहीत एक बांबू कमी लिहिला.