पारावरची फवारणी

(दृश्य : मारुतीच्या देवळापुढचा पार. मागून पाठीवर पंप घेतलेला तरुण जातो.)

ऑक्टोबर महिना. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूचं एक गाव. कपाशी बोंडावर आली आहे आणि पारावर दुसरा विषय नाही. गुलाबी बोंडअळीवर फवारा मारायचा, की थांबायचं?

खांद्यावर दुपट्टा टाकलेले काका सांगताहेत, "मागच्या साली फवारा मारला अन् चौथ्या दिवशी सापळ्यातले पतंग गायब. अजून काय पुरावा पायजे?"

पुरावा अजून पाहिजेच आहे. बोंडात शिरून खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीचे पतंग लाटेनं येतात. एक पिढी अंडी घालून संपते, दुसरी बाहेर पडेपर्यंत पतंग धरायला वावरात लावलेल्या सापळ्यात ते कमीच दिसतात. फवारलेल्या वावरातही आणि न फवारलेल्याही. कावळा बसायला अन् फांदी तुटायला, ही म्हण पारावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. ती स्वतःच्या वावराला लावायची मात्र कोणाची तयारी नाही. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, फसव्या कारणांचे, म्हणजे हेत्वाभासांचे, पाच प्रकार सांगितलेत. त्यातल्या पहिल्या सव्यभिचारात काकांचं म्हणणं अलगद बसतं. जे कारण दोन्हीकडे सापडतं, त्यावरून एका बाजूचा निकाल देता येत नाही. खरं काय ते ताडून पाहायचं तर कपाशीची चार तासं, म्हणजे चार ओळी, न फवारता सोडावी लागतात. तशी ती मागच्या साली कोणी सोडली नव्हती.

(दृश्य : कोपऱ्यात उभा तरुण बोलायला लागतो.)

"काका, आधी बोंडं फोडून पाहू ना."

"तू कोन सांगनारा बे? वावर किती तुले? दीड एकर!"

पार हसतो. पोरगं गप्प. दीड एकरवाल्याच्या बोंडात अळी वेगळी मोजतात का, हे कोणी विचारत नाही. बोलणाऱ्याचा सातबारा काढला की त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावं लागत नाही, आणि ही युक्ती आम्ही पारापासून कृषी केंद्राच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे पाहिली.

दुसरे एक जण बापाचा दाखला काढतात. "बीटी आल्यावर आमच्या बापानं कधी बोंड फोडून पाह्यलं नाही, तरी घर कापसानं भरत होतं." भरत होतं, खरं आहे. 2002 साली बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं आणि काही वर्षं अळी खरंच मरत होती. पुढे गुलाबी बोंडअळीनं दोन्ही जनुकं पचवली. 2017 मध्ये विदर्भातल्या वावरांनी ते भोगलं. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले.

(दृश्य : वावर. हिरव्या बोंडांवर हात. जवळून.)

आता हे नीट पाहा. एकरभर वावरात आडवंतिडवं फिरायचं. धुऱ्याजवळचीच, म्हणजे बांधाजवळचीच, झाडं धरायची नाहीत, नजरेला किडकं दिसतं तेच बोंडही उचलायचं नाही. निवडून तोडलं तर मोजणीही पारासारखीच होते, हवं ते उत्तर देणारी. अशी वीस हिरवी बोंडं तोडायची. वरून बोंड ठणठणीत दिसतं, कारण बारीक अळी आत शिरली की तिचं भोक बुजून जातं. म्हणून अंगठ्यानं दाबून फोडायचं. ही पाहा, पाकळ्यांच्या मधल्या पडद्याला भोक. ही अळी, अजून पांढरट. मोठी झाली की गुलाबी होईल. वीसात दोन किडकी, म्हणजे दहा टक्के, ही फवारणीची पातळी. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, तरी तीच पातळी. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यानं न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या तर त्या तोडून नष्ट करायच्या.

मोजायला वेळ लागतो आणि त्यात ऐकण्यासारखं काहीच नाही. पारावरच्या गप्पांपुढे मोजणी मागे पडते ती बहुधा म्हणूनच.

(दृश्य : फडक्यावर फोडलेली बोंडं. काका वाकून पाहतात.)

काकांच्या वावरातली वीस फोडली. तीन किडकी.

"पाय! मी म्हनलंच होतं."

म्हटलं होतं. फवारणीची गरज आहेच, काकांचा निष्कर्ष बरोबर निघाला. चौथ्या दिवसाचं कारण त्यामुळे बरोबर होत नाही. चुकीच्या रस्त्यानंही माणूस कधीकधी बाजाराला पोचतो. उलटही खरं : काकांचं कारण कच्चं आहे म्हणून अळी नाहीच, असं त्या पोरानं म्हटलं असतं तर तोही फसला असता.

(दृश्य : धुऱ्यापलीकडचं वावर.)

शेजारच्या वावरातलीही वीस बोंडं फोडली. एकही किडकं नाही, सापळ्यातही पतंग नाममात्र. मालकानं फडक्यावरची बोंडं दोनदा पाहिली, मान हलवली आणि पंपात पाणी ओतायला लागला.

"अख्खं गाव मारून राह्यलं भाऊ. आपन काऊन मांगं राहाचं?"