नर्मदेकाठची कवटी आणि प्रजातीचं नाव

मंडळी, ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात, हथनोरा गावाजवळ नर्मदेच्या काठच्या घट्ट झालेल्या खडीत अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा एक भाग मिळाला. सोनकिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. कवटीची उजवी बाजू बऱ्यापैकी शाबूत, पण जबडा नाही, दात नाहीत. एवढ्यावरून प्रजाती ठरवायची!

भुवयांवर हाडाचा जाड कंगोरा आणि कवटीचं हाडही जाड, म्हणून सोनकियांनी तिला होमो इरेक्टस या नामशेष झालेल्या प्राचीन मानवप्रजातीची उपजाती मानलं आणि ‘नर्मदेन्सिस’ असं नाव दिलं. पुढे १९९१ मध्ये अमेरिकन मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी तीच कवटी पुन्हा मोजली. मेंदूची जागा त्यांच्या अंदाजाने ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर भरली. हे आकडे इरेक्टसच्या मानाने मोठे, म्हणून ती आद्य सेपियन्सकडे, म्हणजे आपल्याच प्रजातीच्या जुन्या रूपाकडे गेली. त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः सोनकियाही होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

कवटी तीच, मग नाव का बदललं? कारण कंगोऱ्याला जास्त वजन द्यायचं की मेंदूच्या आकाराला, हे अभ्यासक ठरवतो. आणि एकाच प्रजातीतली माणसं एकमेकांपासून किती वेगळी असू शकतात, हे एका कवटीवरून कळतच नाही. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा आणि कपाळं, हनुवट्या, उंच्या पाहा. त्यातली कुठलीही एकच कवटी पुढच्या युगातल्या अभ्यासकाच्या हाती लागली, तर तो आपल्याबद्दल काय लिहील?

हीच शंका जॉर्जिया देशातल्या द्मानिसी या उत्खननस्थळाने जगापुढे ठेवली. तिथे सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या एकाच ठिकाणी मिळाल्या. पाचवीत मेंदूची जागा जेमतेम ५४६ घन सेंटिमीटर, पण चेहरा आणि जबडा भलाथोरला. पाचही जणी एकमेकींहून इतक्या वेगळ्या, की त्या पाच देशांत मिळाल्या असत्या तर बहुधा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या गेल्या असत्या. २०१३ मध्ये उत्खनन करणाऱ्यांनी त्या एकाच प्रजातीच्या मानल्या. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र त्यांची बाजू भक्कम वाटते.

आता डीएनएने निकाल लागेल असं अनेकांना वाटतं. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत बोटाच्या एका छोट्या हाडावरून २०१० मध्ये एक अख्खा मानवसमूह ओळखला गेला, हे खरंच. पण ती गुहा थंड. आपल्याकडच्या उष्ण हवेत डीएनए टिकणं अवघड, त्यामुळे आपली मदार हाडांच्या आकारावर आणि ती ज्या मातीच्या-खडकाच्या थरांत मिळतात त्या थरांवर.

आपल्या पुणे जिल्ह्याचंच पाहा. जुन्नर तालुक्यात बोरीला, कुकडीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेसोबत दगडी हत्यारं मिळाली. राखेच्या वयावर वाद झाला: कोणी सुमारे पाऊण लाख वर्षं म्हणालं, कोणी साडेसहा लाखांहून जास्त. हत्यारं घडवणाऱ्याचं हाड मात्र हाती नाही, आणि हत्याराच्या घडणीवरून त्याची प्रजाती सांगता येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे, की नर्मदेच्या खोऱ्यात नवं हाड मिळालं तर आधी थर, जागा, सोबतचे प्राणी नीट नोंदवा आणि नावाची घाई करू नका. तोवर मी विद्यार्थ्यांना ‘हथनोराची कवटी’ एवढंच लिहायला सांगतो.