शनिवार तेली

[दृश्य: अलिबागचा मासळीबाजार, सकाळची वेळ]

टोपल्यांत कोळंबी आहे, खेकडे आहेत, तिसऱ्या आहेत. कोकणात राहून यातलं काहीच खायचं नाही, म्हणजे परीक्षाच म्हणायची! पण याच किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या रीतीत ते बसत नव्हतं. मासा हवा तो खवले आणि पर असलेलाच.

त्यांच्यात एक कथा सांगतात. डेव्हिड राहबी नावाचा परदेशी ज्यू इथे आला. या लोकांचा त्याला अंदाज येईना. त्यानं बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. राहबीला जे ओळखायचं होतं ते त्यानं ओळखलं. तो नेमका कधी आला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

[दृश्य: नवगावचा किनारा]

नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. पोथ्या बुडाल्या, भाषाही विसरली गेली. उरलं थोडंच: मुलांची सुंता, 'शमा' ही एक प्रार्थना, खाण्याचे काही नियम आणि शनिवार. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी मात्र घाणा बंद.

गावाला ज्यूंचा प्रेषित मोझेस, त्यांचा धर्मग्रंथ तोरा यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. सोमवारी बैल न जुंपणारे तेली मात्र त्यांच्या ओळखीचे होते. हे शनिवारी जुंपत नाहीत, म्हणजे शनिवार तेली. झालं! एक परका धर्म जातीच्या उतरंडीत बसवून टाकला.

त्यांनीही गावाकडून पुष्कळ घेतलं. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावं, लुगडं, मंगळसूत्र, मराठी. आणि घेऊ नये तेही घेतलं. 'गोरे' आणि 'काळे' अशा दोन तटांत आपसात लग्नं होत नसत. संस्कृतीची देवाणघेवाण म्हटलं की आपण नेहमी फक्त पुरणपोळीच्या गोष्टी सांगतो, म्हणून हे इथे सांगायला हवं.

[दृश्य: मलिद्याचं ताट, अगदी जवळून]

हा मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा; भोवती फळं. लग्न असो, बाळंतपण असो, बोललेला नवस असो, हे ताट एलियाहू हनाबीच्या, म्हणजे बायबलमधल्या प्रेषित एलियाच्या नावानं मांडलं जातं. प्रार्थना हिब्रू, पोहे कोकणी. अलिबागजवळच्या एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. तो 'एलियाहू हनाबीचा टापा'. नव्या वर्षाला, रोश हशानाला, गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तो नारळाच्या दुधात. मांसासोबत दूध चालत नाही, हा ज्यू नियम पाळताना नारळाइतका सोयीचा सोबती दुसरा कोण मिळणार?

शाळेच्या भिंतीवर विविधतेचं चित्र असतं: वेगवेगळ्या पोशाखांतली माणसं, एका रांगेत, हात जोडून. सहावार नेसलेल्या, गळ्यात मंगळसूत्र असलेल्या ज्यू आजीला त्या रांगेत कुठे उभं करणार?

[दृश्य: मुंबई, मांडवी, सॅम्युअल स्ट्रीट]

१७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी इथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ बांधलं, शार हारहामीम. पुढे शहरात बगदादी ज्यू आले आणि त्यांच्यापैकी अनेकांना हे मराठी बोलणारे ज्यू पुरेसे ज्यू वाटेनात. १९४८नंतर हजारोंनी इस्रायल गाठलं, तर तिथेही तोच प्रश्न. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचं ठरवलं. लोक रस्त्यावर उतरले. अखेर १९६४ साली ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं सरकारनं मान्य केलं. शनिवारी घाणा बंद ठेवण्यासाठी कोकणात त्यांना कुणाचा दाखला लागला नव्हता.

इकडे महाराष्ट्रात मोजकीच घरं उरली. २०१६ साली राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

[दृश्य: इस्रायल, एका वसाहतीतली संध्याकाळ]

लोद, दिमोना, अश्दोद. इथे शनिवारी बहुतेक सगळ्यांचंच काम बंद असतं, त्यामुळे त्या दिवसानं यांचं काही वेगळं दिसत नाही. लग्नाआधीची मेंदी आणि मलिद्याचं ताट मात्र शेजाऱ्यांना नवलाचं. मराठी नियतकालिकही याच मंडळींनी इथे चालवलं. नाव 'मायबोली'.